आंब्याचा जमाखर्च

मुंबईच्या उपनगरांत उंच इमारतींची दाटी झाली आहे. तरीही अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या भागांतील जुन्या घरांच्या आवारांत आंब्याची झाडे अजून दिसतात. चैत्र-वैशाखात मुलांचे सारे लक्ष कैऱ्यांवर खिळलेले असते; पानांकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक फळांची तयारी पानांत आणि फांद्यांत कित्येक महिने आधीपासून चाललेली असते.

हवा, पाणी व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने पाने साखर तयार करतात. परंतु नत्र, स्फुरद, पालाश आणि चुन्यात असणारे कॅल्शियम ही द्रव्ये झाडाला मुळांवाटे जमिनीतूनच मिळवावी लागतात. ती मिळाल्यावर वर्षभर एकाच ठिकाणी स्वस्थ राहत नाहीत.

पावसाळा सरला, की आंब्याला तांबूस पालवी फुटते. या कोवळ्या पानांत नत्र, स्फुरद व पालाश यांचे प्रमाण अधिक असते. पान जून होत जाते, तसतसे ते घटते. कॅल्शियमची गोष्ट याच्या उलट आहे. पानात पोहोचलेले कॅल्शियम सहसा परत फिरत नाही. त्यामुळे पानाच्या वयाबरोबर ते वाढत जाते. थंडीत मोहोर येतो, पुढे फळे धरतात. मग पानांच्या व फांद्यांच्या साठ्यातून नत्र आणि पालाश त्यांच्याकडे वाहू लागतात. पिकले पान गळण्यापूर्वी झाड त्यातील पुष्कळसे नत्र काढून घेते. कॅल्शियम मात्र पानाबरोबरच खाली येते.

म्हणून झाडाचे पोषण तपासणारे तज्ज्ञ हाताला येईल ते पान तोडत नाहीत. ४ ते ७ महिने वयाची, फांदीच्या मध्यभागातील पाने ते निवडतात. एका झाडाचे कोवळे पान आणि दुसऱ्याचे जून पान घेतले, तर कोणते झाड उपाशी आहे, हे कळणार कसे?

हापूसला एका वर्षी विपुल फळे आली, तर पुढच्या वर्षी ती बहुधा कमी येतात. याची कारणे अनेक आहेत. साठा खर्ची पडणे हे त्यांपैकी एक होय. म्हणूनच कोकणातील बागायतदार पावसाच्या आरंभी झाडाभोवती चर खणून त्यात शेणखत व इतर खते घालतात.

रानात हा जमाखर्च आपोआप जुळतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गळलेले पान जागच्या जागी कुजते आणि त्यातील द्रव्ये पुन्हा मुळांना मिळतात. आवारातील झाडाचे तसे नाही. त्याची फळे माणसे खातात आणि पाने झाडून दूर टाकतात किंवा जाळतात. पाने जाळली, की त्यांतील बहुतेक नत्र धुराबरोबर हवेत निघून जाते. अशा रीतीने झाडाचा खर्च चालू राहतो, जमा मात्र थांबते.

यावर उपाय अगदी साधा आहे. पाचोळा गोळा करून खोडापासून थोडा दूर, फांद्यांच्या सावलीत पसरावा व त्यावर थोडी माती टाकावी. पाऊस सुरू झाला, की तो कुजू लागतो. झाडाकडून घेतलेले सारेच काही त्यामुळे फिटत नाही. परंतु जे झाडाचेच होते, तेवढे तरी त्याला परत मिळते.