खाडीकाठच्या घरात प्रवाळ

(नेरूळमधला फ्लॅट. हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी.)

भाची : मामा, खाडी इतक्या जवळ असताना तू मीठ विकत आणून समुद्र कालवतोस?

मामा : खाडीचं पाणी गढूळ, त्यात सांडपाणी, आणि पावसाळ्यात खारेपणा पार उतरतो. प्रवाळांना तो वर्षभर एकसारखा लागतो, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. म्हणून आरओच्या पाण्यात रीफ सॉल्ट. आणि स्वयंपाकघरातला आरओ पुरत नाही, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्याजवळ हवेत. मोरबे धरणाचं नळाचं पाणी आपल्याला उत्तम, पण त्यातलं क्लोरीन टाकीला सोसत नाही.

भाची : मलाही अशी टाकी करायची आहे. सुरुवात कशाने करू?

मामा : मशरूम, झोआ, लेदर या प्रवाळांनी. शास्त्राच्या हिशेबात पहिले दोन मऊ प्रवाळ नव्हेत, पण दुकानात सगळे ‘सॉफ्ट’च. यांना चुन्याचा भक्कम सांगाडा उभारायचा नसतो, त्यामुळे पाण्यातलं कॅल्शियम झपाट्याने संपत नाही. पोटाची सोय बरीचशी अंगातली सूक्ष्म शैवालंच करतात. प्रकाशात अन्न बनवतात आणि प्रवाळालाही देतात.

भाची : म्हणजे पाणी जितकं स्वच्छ तितकं बरं?

मामा : छे! नायट्रेट शून्यावर आणलंस तर हे आक्रसतात. ५ ते १० पीपीएम असू दे. मात्र नवी टाकी महिना-दीड महिना मुरल्याशिवाय काही सोडायचं नाही.

भाची : मग मरतात कशाने?

मामा : आपल्याकडे? उकाड्याने. यांना २४ ते २७ अंश हवेत, आणि मे महिन्यात बंद घरातलं पाणी सहज तिशी ओलांडतं. तापलं की प्रवाळ अंगातली शैवालं बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाण्यावर पंखा सोडला तर तापमान उतरतं, पण वाफ होऊन जातं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून रोजची तूट गोड्या आरओ पाण्याने भरायची, खाऱ्या नव्हे. पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हा पंख्याचं फारसं चालत नाही. तू दिवसभर ऑफिसात असणार, तर चिलर घेच. प्रवाळ स्वस्त आणि चिलर महाग, असा हा उफराटा छंद आहे.

भाची : तुझा लेदर मागे मेल्यासारखा दिसत होता.

मामा : कात टाकत होता. अंगावर मेणचट पापुद्रा येतो, फुलांसारखे पॉलिप आत जातात, काही दिवसांनी पुन्हा फुलतो. नवखे घाबरून त्याची जागा बदलत बसतात. थोडा प्रवाह वाढवला की पुरे. जपायचं ते झोआपासून. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. हातमोजे, चष्मा हवाच, आणि झोआ असलेला दगड कधी उकळायचा नाही, वाफेतूनही बाधतं.

भाची : झोआ तर हाजी अलीच्या खडकांवरही दिसतात ओहोटीला. एखादा दगड आणला तर?

मामा : अजिबात नाही. त्या किनाऱ्यावर कठीण प्रवाळही आहेत. कोस्टल रोडसाठी हाजी अली आणि वरळीच्या १८ प्रवाळ-वसाहती २०२० मध्ये रीतसर परवानगी काढून हलवाव्या लागल्या. सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. समुद्रपंखा कुणी ‘सॉफ्ट’ म्हणून पुढे केला तरी घेऊ नकोस. छंदवाल्यांच्या टाकीत वाढलेला तुकडा माग. मशरूम तर इतके पसरतात की घ्यायला माणसं शोधावी लागतात.