हृदयाचे दुखणे : परळला निघण्यापूर्वी

छातीत दुखू लागलेल्या माणसाबद्दल आपल्या शहापूर-मुरबाड भागात दोन टोकांचे सल्ले ऐकू येतात. एक जण म्हणतो, "गॅस धरला असेल, ओवा द्या, सकाळी बघू." दुसरा म्हणतो, "इथे कुठे थांबू नका, सरळ के.ई.एम.ला न्या." पहिल्या सल्ल्याने माणूस दगावतो, हे आता बहुतेकांना पटले आहे. दुसऱ्या सल्ल्यानेही दगावू शकतो, हे मात्र फारसे कुणी बोलत नाही.

हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे. रक्त थांबले की तो स्नायू मरू लागतो. एकदम नव्हे, तासातासाने. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत करण्याची विद्या परळलाच काय, जगात कुठेही नाही. सापगावहून परळ सुमारे ८५ किलोमीटर. भिवंडीचा वळणरस्ता आणि ठाण्याची वाहतूक धरली तर भाड्याच्या जीपला दोन ते अडीच तास सहज लागतात. त्यातच पहिल्या काही तासांत हृदयाचे ठोके अचानक बिघडून थांबण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. अशा वेळी विजेचा झटका देऊन ठोके पूर्ववत करता येतात, पण ते यंत्र जीपमध्ये नसते.

म्हणून पहिला मुक्काम जवळचा. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा ई.सी.जी. काढण्याची सोय असलेला जवळचा दवाखाना. ई.सी.जी. काढायला दहा मिनिटे पुरतात. झटका आहे असे दिसले, तर गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून देता येते. स्ट्रेप्टोकायनेज हे जुने औषध तासभर सलाइनमधून द्यावे लागते; टेनेक्टेप्लेज हे नवे औषध एकाच इंजेक्शनात देता येते. पहिल्या तीन तासांत त्याचा गुण सर्वांत चांगला, बारा तासांपर्यंत थोडाफार. पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव झालेल्याला ते चालत नाही, म्हणून पूर्वीची दुखणी डॉक्टरांपासून लपवू नयेत. गुठळी विरघळल्यावर रुग्णाने रुग्णवाहिकेतून मुंबईला जावे, आणि शक्यतो २४ तासांच्या आत जावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. तीत ऑक्सिजन व डॉक्टर असतो. पाटलाच्या जीपमध्ये फक्त पाटील असतो.

दुखणे ओळखायचे कसे? छातीच्या मध्यभागी दडपण, ते डाव्या हातात किंवा जबड्याकडे जाणे, दरदरून घाम, वीस मिनिटे होऊनही न थांबणे. मधुमेही माणसाला व बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, मळमळते, गळून गेल्यासारखे होते. घरातली बाई "काही नाही, जरा थकले" म्हणते आणि चुलीपुढून उठत नाही, तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

आता परळच्या रुग्णालयाविषयी. "तिथे शिकाऊ डॉक्टर हात साफ करून घेतात," हा समज अजून आहे. तो पुरता खोटा नाही, पण अर्धवट आहे. हृदयरोग विभागात आपल्याला प्रथम तपासणारा तरुण डॉक्टर 'शिकाऊ' असला तरी त्याने साडेपाच वर्षांचे एम.बी.बी.एस. आणि तीन वर्षांचे एम.डी. पुरे केलेले असते. आता तो आणखी तीन वर्षे केवळ हृदयाचे शिक्षण घेत असतो. त्याच्यावर अधिव्याख्याता, त्याच्यावर प्राध्यापक. एकच रुग्ण तिघा-चौघांच्या नजरेखालून जातो. त्रास आहे तो गर्दीचा, रांगेचा आणि या खिडकीवरून त्या खिडकीवर जाण्याचा. तो सोसावा लागतो.

शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजेच के.ई.एम., १९२५-२६ साली सुरू झाले. देणगी देणाऱ्यांची अट होती की येथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत. याच रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयरोपण केले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी जगातले पहिले हृदयरोपण करून तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. देशातले पहिले यशस्वी रोपण व्हायला १९९४ साल उजाडावे लागले, तेही दिल्लीत. परंतु ज्यांना घरदार विकूनही खासगी उपचार परवडले नसते, अशा हजारोंच्या झडपा अशाच सरकारी व पालिकेच्या रुग्णालयांनी दुरुस्त केल्या. आपल्या तालुक्यांच्या दृष्टीने हेच काम मोठे आहे.

झडपांचा हा आजार मूळचा हृदयाचा नव्हेच, घशाचा. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूमुळे सुजतो, आठवड्यात बराही होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघा सुजतो. तो उतरला की घोटा, मग कोपर. घरचे म्हणतात, वाताचे आहे, तेल चोळा. सांधे खरोखरच बरे होतात, मागे काही खूण राहत नाही. पण तोवर हृदयाच्या झडपेला सूज येऊन गेलेली असते. हा ताप सांध्यांना नुसता चाटतो आणि हृदयाला चावतो, असे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. चाव्याची जखम कळायला काही वर्षे जातात. चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडणारी झडप दीडच्या खाली येते आणि विहिरीवरून हंडा आणताना दम लागू लागतो. मुलगी असेल तर बहुधा पहिल्या बाळंतपणात हे उघडकीला येते, कारण गरोदरपणी अंगातले रक्त जवळजवळ निम्म्याने वाढते आणि ते अरुंद झडपेतून पुढे सरकत नाही. अंधाऱ्या, कोंदट घरांत आणि दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांत हा आजार अधिक.

पूर्वी अशा झडपेत शस्त्रवैद्य हृदयाच्या कप्प्यातून बोट घालून ती मोकळी करीत. १९८४ साली जपानच्या डॉ. इनोवे यांनी मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. छाती न फाडता काम होते, रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी. झडप फारच बिघडली असेल तर ती बदलतात. धातूची झडप बसवलेल्याला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्ताची 'आय.एन.आर.' ही तपासणी नियमित करावी लागते. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव. दुखण्यावरच्या गोळ्या किंवा जडीबुटी परस्पर घेऊन हे गणित बिघडवू नये.

फुग्याने झडप उघडली म्हणजे आजार संपला नाही, आणि इथेच आपल्याकडची बरीच माणसे घसरतात. घसा पुन्हा सुजला तर झडप पुन्हा चावली जाते. त्यासाठी पेनिसिलीनचे लांब पल्ल्याचे इंजेक्शन दर २१ दिवसांनी घ्यावे लागते. झडप बिघडलेली असेल तर वयाच्या चाळिशीपर्यंत, कधी त्याहून पुढेही. औषध स्वस्त आहे. पण इंजेक्शन फार दुखते, आणि 'रिॲक्शन'च्या भीतीने काही दवाखाने ते द्यायलाच तयार नसतात. प्रथम चाचणी घेऊन, आणि दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवून ते द्यावे. रुग्णालयातून निघताना तसे लेखी पत्र आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावे मागून घ्यावे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची अडचण आणखी वेगळी. पाच-सहा महिने मुक्काम परगावी, आणि इंजेक्शनाचा कागद घरच्या पत्र्याच्या पेटीत. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यावा. भट्टीजवळच्या सरकारी केंद्रातही तो दाखवता येतो. गावातल्या आशाताईंनी निघण्यापूर्वी एवढे पाहिले तरी पुष्कळ काम होईल.

बिडी ओढणाऱ्यांसाठी दोन शब्द. थोडे चालल्यावर पोटरी दुखते आणि उभे राहिल्यावर थांबते, हे पायाच्या रक्तवाहिनीचे दुखणे असू शकते. बोट काळे पडेपर्यंत वाट पाहू नये, त्या अवस्थेत बोट वाचवणे कठीण होते. बिडी चालू ठेवून कोणतेही औषध लागू पडत नाही.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. २०२३ साली शासनाने कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटावे, मग रांग धरावी. आसनगावहून पहाटेची लोकल पकडून दादरला उतरलात, परळला पोहोचलात आणि जुना ई.सी.जी. घरी राहिला, तर तो दिवस वाया जाऊ शकतो. चालू गोळ्यांची पाकिटेही बरोबर असावीत. "एक पांढरी आणि एक गुलाबी" एवढ्या वर्णनावरून औषध ओळखता येईल असा डॉक्टर परळमध्येही नाही.