सळईखालचं बिस्किट

प्रश्न : गुहागरजवळ गावी घर बांधतो आहे. या आठवड्यात पहिला स्लॅब भरायचा आहे. सेंटरिंगवर सळयांची जाळी बांधून झाली. आता इंजिनीअर म्हणतात, जाळीखाली सगळीकडे कव्हर ब्लॉक लागल्याशिवाय काँक्रीट टाकू देणार नाही. मिस्त्री म्हणतात, "इतकी वर्षं खालून खडी सरकवतोय, एक स्लॅब पडला नाही." एवढ्याशा ठोकळ्यावरून दोघांत वाजलं आहे. हा ठोकळा नेमकं करतो काय? आणि खडीनं भागत असेल तर हा हट्ट कशाला?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : कौल इंजिनीअरांच्या बाजूनं. पण मिस्त्रीही खोटं बोलत नाहीत, आणि या भांडणातली खरी गंमत तीच आहे.

स्लॅबवर वजन आलं की तो मधोमध किंचित खाली वाकतो. वाकला की त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसतं. ताण सोसायची त्याची ताकद मात्र साधारण दहाव्या हिश्शाची. म्हणून जिथे ताण तिथे लोखंड. आज हे साइटवरच्या नवख्या पोरालाही ठाऊक असतं, पण ते उमजायला वेळ लागला. जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्यानं १८६७ साली लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचं पेटंट घेतलं, तेव्हा जाळी त्याच्या लेखी नुसता सांगाडा होती. ती ताणाच्या बाजूलाच का हवी, हे मॅथियास क्योनेन या जर्मन इंजिनीअरनं १८८६ साली हिशेब मांडून दाखवलं.

तुमच्या स्लॅबचाच हिशेब करू. समजा जाडी १२५ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच, आणि सळई १० एमएमची. सळईखाली २० मिलिमीटर काँक्रीट (यालाच कव्हर म्हणतात) सोडलं, तर स्लॅबच्या वरच्या पृष्ठापासून सळईच्या मध्यापर्यंत १०० मिलिमीटर मिळतात. स्लॅबची ताकद बव्हंशी या अंतरावर ठरते. भरताना कुणी जाळी ओढून ४० मिलिमीटर वर घेतली, तर हे अंतर ६० वर येतं आणि तेवढ्याच लोखंडात ताकद साठ टक्क्यांच्या आसपास उरते. आता उलट बघा. सळई थेट प्लायवर टेकली, तर अंतर १२० होतं. काँक्रीटच्या पकडीचा मुद्दा बाजूला ठेवला, तर कागदावर असा स्लॅब पहिल्या दिवशी जास्तच मजबूत! मिस्त्रींचा एकही स्लॅब पडला नाही यात नवल नाही. तो पडण्यासारखा नव्हताच. तो गंजण्यासारखा होता, आणि गंज चढेपर्यंत मिस्त्री पुढच्या चार गावांत स्लॅब भरून आलेले असतात.

लोखंड काँक्रीटमध्ये गंजत नाही, ते हवा-पाणी पोहोचत नाही म्हणून, असा समज असतो. तो अर्धाच खरा. काँक्रीटला बारीक छिद्रं असतात, त्यांतून ओल आणि हवा दोन्ही आत जातात. सळई वाचते ती काँक्रीटच्या क्षारतेमुळे. सिमेंटमधल्या चुन्यामुळे आतल्या ओलाव्याचा सामू १२.५ ते १३ इतका असतो, आणि अशा ठिकाणी लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो. तो टिकून असेपर्यंत गंज चढत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागापासून हळूहळू आत शिरतो, चुन्याशी संयोग पावतो आणि सामू ९ च्या जवळ आणतो. सामू उतरलेल्या भागाची ही हद्द सळईपर्यंत पोहोचली की पापुद्रा जातो. मग ओल असली की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते. ती आत मिळत नाही, म्हणून काँक्रीट फुटतं. छताचे पोपडे पडून लालसर सळया दिसू लागतात, तो हा टप्पा.

आता ठोकळ्याची उंची इतकी महत्त्वाची का, ते पाहा. ही हद्द दरवर्षी सारखी पुढे सरकत नाही. आत जाईल तशी तिची चाल मंदावते, आणि तिनं गाठलेली खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे एखाद्या काँक्रीटमध्ये १० मिलिमीटर जायला १० वर्षं लागली, तर २० मिलिमीटर जायला २० नव्हे, ४० वर्षं लागतील. सळईखालचं काँक्रीट निम्मं ठेवलं तर संरक्षण निम्मं होत नाही, चौथ्या हिश्शावर येतं. सळईच्या टनाच्या भावावर आणि सिमेंटच्या ब्रँडवर तासन्‌तास घासाघीस करणारे मालक या १० मिलिमीटरकडे ढुंकूनही बघत नाहीत. मला विचाराल तर घराचं आयुष्य तिथेच सर्वांत स्वस्तात वाढतं.

हाच थर आगीतही सळईला लवकर धग लागू देत नाही. ५५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास सळईची ताकद साधारण निम्मी उरते. त्या तापमानाला ती किती उशिरा पोहोचते, हे खालच्या काँक्रीटच्या जाडीवर अवलंबून असतं.

तुम्ही गुहागरचे, म्हणून समुद्राबद्दल जरा सविस्तर. खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड हे वेगळंच दुखणं आहे. सामू १२.५ असला तरी ते सळईवरचा पापुद्रा जागोजागी भेदतात आणि तिथे सळई खड्डे पडत खाल्ली जाते. आय.एस. ४५६ : २००० ही आपली काँक्रीटची संहिता घराच्या आतल्या, कोरड्या, सौम्य परिस्थितीतल्या भागाला २० मिलिमीटर कव्हर सांगते, आणि १२ एमएमपर्यंतच्या सळईला त्यातून ५ कमी करायची मुभा देते. मध्यम परिस्थितीला ३०, किनारपट्टीच्या हवेत उघड्या असलेल्या भागाला ४५ आणि समुद्राचे तुषार झेलणाऱ्याला ५०. किनाऱ्यावरच्या उघड्या कामाला काँक्रीटही एम-३० च्या खालचं चालत नाही. मात्र हे वाचून परस्पर ४५ चे ठोकळे आणू नका. १२५ च्या स्लॅबमध्ये ४५ सोडले तर मघाचे १०० मिलिमीटर ७५ वर येतात. जाडी, सळई आणि कव्हर यांचं गणित एकत्रच बसवावं लागतं. तुमच्या नकाशावर डिझायनरनं कोणता आकडा लिहिला आहे तो बघा, आणि त्यांनी समुद्र धरला आहे ना, एवढं विचारा. गिलावा या आकड्यात धरत नाहीत. संहितेनुसार प्रत्यक्ष कव्हर ठरल्यापेक्षा १० मिलिमीटरपर्यंत जास्त चालतं, कमी मुळीच नाही.

आणि खाडीची वाळू. ती वापरली तर मीठ आतच कालवलं जातं आणि कव्हर कितीही सोडलं तरी उपयोग नाही. एक घनमीटर काँक्रीटमध्ये सगळं मिळून ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. मचूळ बोअरचं पाणीही त्याच हिशेबात येतं.

आता खडी. आपला काळा पाषाण काही वाईट नाही. पण खडीचा एक तुकडा १५ चा तर दुसरा २५ चा, आणि कुठल्या अंगावर बसला त्यावर पुन्हा उंची बदलते. ती सळईला बांधता येत नाही. वरून माणूस चालला किंवा व्हायब्रेटर लागला की ती कलंडते आणि सळई प्लायवर जाते. हे घडतं काँक्रीटखाली, कुणाला दिसत नाही. लाकडाचा तुकडा भिजून फुगतो, सुकून आकसतो आणि शेवटी कुजून पोकळी ठेवतो. विटेचा तुकडा पाणी पितो. फरशीच्या गुळगुळीत तुकड्याला काँक्रीट चिकटत नाही. सळईचाच तुकडा आडवा घालणं तर सर्वांत वाईट, कारण तोच आधी गंजून गंजाला आत वाट करून देतो.

म्हणून ठोकळा काँक्रीटचा हवा, स्लॅबच्या काँक्रीटइतक्या तरी ताकदीचा. साइटवर मालाचा थर ओतून थापीनं चौकोन कापतात आणि वर बाइंडिंग वायर खोचतात, त्याला सगळे बिस्किट म्हणतात. त्याला दोष नाही. दोष आहे तो आदल्या संध्याकाळी पाडून सकाळी वापरण्यात. पाण्यात ठेवून मुरवलेलं नसेल तर पायाखाली ते बिस्किटासारखंच चुरतं. तयार काँक्रीटचे ब्लॉक मिळतात, ते उत्तम. प्लॅस्टिकचे मापाला अचूक असतात, पण काँक्रीट त्यांना नीट धरत नाही आणि कडेनं ओल शिरायला फट राहू शकते. किनाऱ्यावर मी ते टाळीन.

लावताना सर्वांत खालच्या सळईखाली, साधारण मीटरभर अंतरावर. ८ एमएमची सळई असेल तर आणखी जवळ, कारण ती पायाखाली झोळ घेते. बीममध्ये ठोकळा रिंगच्या खाली लागतो, मुख्य सळईच्या नव्हे. कव्हर सर्वांत बाहेरच्या लोखंडापासून मोजायचं असतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खालच्या ठोकळ्यापेक्षा मला धास्ती वाटते ती वरच्या सळईची. आधारापाशी, आणि गॅलरी-छज्जासारख्या बाहेर आलेल्या भागात, गणित उलटं होतं. ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून सळई वर हवी. ती अधांतरी राहणार नाही. तिच्याखाली सळईच वाकवून केलेल्या चेअर लागतात. त्या कमी पडल्या की घमेली घेऊन ये-जा करणाऱ्यांच्या पायांनी किंवा पंपाच्या पाइपच्या धक्क्यांनी जाळी खाली बसते. १२५ च्या गॅलरीत वरची सळई ५० मिलिमीटर दबली की ताकद निम्म्यावर आली. खोलीचा स्लॅब कमजोर झाला तर तो आधी झोळ दाखवतो, तडकतो, सावध करतो. गॅलरीला आधार एकाच बाजूला. ती इतकी सवलत देत नाही. चेअरचे पाय खालच्या सळईवर किंवा ठोकळ्यावर टेकवा, प्लायवर नको. काही घरांच्या छताला ठरावीक अंतरानं तांबूस ठिपके उमटलेले दिसतात, ते बहुधा या पायांच्या टोकांचे असतात.

भरणीच्या दिवशी चालायला फळ्या टाकायला सांगा आणि सळईकाम करणाऱ्यांपैकी एकाला शेवटपर्यंत थांबवून घ्या. जिथे जाळी बसेल तिथे तो ती उचलून पुन्हा बांधेल. आदल्या दिवशी टेप घेऊन स्वतः एक फेरी मारा. वाकून प्लाय आणि सळई यांच्यातली फट बघा. संहितेतही हेच लिहिलं आहे : कव्हर ब्लॉक, स्पेसर आणि आधाराच्या सळया देऊन लोखंड नकाशातल्या जागी बसवायचं आणि तिथेच राखायचं. मिस्त्रींना तेवढं दाखवा. मानी माणूस असला तरी छापील ओळ ऐकतो.

प्रश्न : मुलगी टोरांटोजवळ घर बांधते आहे. तळघराची जमीन करताना काँक्रीटच्या खाली फोमच्या लाद्या आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला फोटोत दिसला. इतक्या मऊ वस्तूवर काँक्रीट कसं टिकतं? नाशिकला आम्ही बांधतो आहोत, तिथेही हे करावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हा फोम आपल्या खोक्यातल्या थर्माकोलपेक्षा बराच दणकट असतो. त्याच्या नेहमीच्या एका प्रकाराची दाब सोसायची ताकद चौरस मीटरला सुमारे १७ टन भरते. कायमच्या वजनासाठी त्यातला तिसरा हिस्साच धरला, तरी १०० मिलिमीटर जाड काँक्रीट चौरस मीटरला जेमतेम २४० किलो भरतं. पसरलेल्या वजनाला फोम सहज पुरतो. तो दबतो टोकदार वजनाखाली. म्हणून तिथे जाळीखालच्या प्लॅस्टिकच्या चेअरना रुंद, सपाट तळवा असतो. अणकुचीदार पाय फोममध्ये रुतले तर सळईची उंची जाते आणि जमिनीची ओल अडवणारा तो कागदही फाटतो. अशा जमिनीत जाळी मुख्यतः काँक्रीट आकसताना पडणाऱ्या भेगा आवरण्यासाठी असते, म्हणून ती मध्याच्या वर ठेवतात. तिथलेही काही कामगार ती जमिनीवर टाकून भरताना आकड्यानं वर ओढतात, आणि ती बहुतेकदा पुन्हा खाली बसते. लेकीला चेअर मोजून घ्यायला सांगा.

फोम कशासाठी, तर हिवाळ्यात घराची ऊब गार जमिनीत, विशेषतः कडांनी, निघून जाऊ नये म्हणून. नाशिकला तळमजल्याची जमीन उन्हाळ्यात घराला गारवाच देते. तो वाट्टेल तेवढा येऊ द्या. आपली उष्णता डोक्यावरून येते. पैसे घालायचेच तर गच्चीवर, वॉटरप्रूफिंगच्या थरावर फोम घाला आणि त्यावर फरशी किंवा कोब्याचं वजन ठेवा. जमिनीखाली रबल सोलिंग आणि पीसीसी नीट ठोकून केलं की पुरे.