एका मोटारीचे गणित

विद्यार्थिमित्रहो, अंगणातील मोठी तबकडी एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे वळवावयाची झाल्यास मोटारी किती लागतील? एक आडवी फिरविण्यास व एक वर उचलण्यास, असे उत्तर आम्हांस वर्गात नेहमी मिळते. नारायणगावाजवळील खोडद येथे रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांस अशा दोन गती आहेत. कारण त्यांस आकाशात चहूकडे पाहावे लागते.

परंतु दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एकाच रांगेत असतात. म्हणून फिरण्याचा आस पृथ्वीच्या आसाशी समांतर बसविल्यास एकच मोटार पुरते. अकोल्याचा अक्षांश सुमारे पावणेएकवीस अंश. तेव्हा आस क्षितिजापासून तितकाच उचलून ध्रुवाकडे रोखावा. उपग्रह ताऱ्यांइतके दूर नसल्यामुळे तबकडीचे तोंड आसाच्या काटकोनाहून दक्षिणेस आणखी साडेतीन अंश झुकवावे.

आस थोडा चुकला, तर दक्षिणेकडील उपग्रह कदाचित सापडेल. पण पूर्व-पश्चिम टोकांचे निसटतील. तो दोष मोटारीने भरून निघत नाही. यास्तव बाळांनो, आज रात्री कोनमापक व ओळंबा घेऊन ध्रुवाची उंची मोजा. भूगोलाच्या पुस्तकातील अक्षांश तुम्हांस आपल्याच अंगणात सापडेल.