देवगिरीचा शांत किल्लेदार

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १४ ते १६



वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा. रोज सकाळी आपल्या शहरातून या बाजूंना कंपन्यांच्या बस भरून जातात. त्यातल्या एखाद्या बसमध्ये खिडकीशी कुणीतरी बसलेलं असतं, ज्याला नुकतंच टीम लीड केलंय. काम चोख येतं म्हणूनच केलंय. पण आता दहा-पंधरा जणांसमोर उभं राहून बोलायचं, क्लायंटच्या कॉलवर बाजू मांडायची, एखाद्याला त्याची चूक दाखवायची, या विचारानेच रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. घरचे म्हणतात, "जरा बोलायला शिक." साहेब अप्रेझलमध्ये लिहितात, "अजून पुढे यायला हवं." आणि आपण मनात म्हणतो, हे माझं कामच नाही, मी इंट्रोव्हर्ट आहे.

आजचे श्लोक अशांनी जरूर वाचावेत.

इथे भगवंत तपाचे तीन भाग सांगतात : शरीराचं तप, वाणीचं तप आणि मनाचं तप. वाणीच्या तपात काय येतं? समोरच्याला उद्वेग होणार नाही असं बोलणं, खरं बोलणं, प्रिय आणि हिताचं बोलणं आणि स्वाध्याय. मनाच्या तपात काय येतं? मनाची प्रसन्नता, सौम्यपणा, मौन, स्वतःवर ताबा आणि भावाची शुद्धता.

आता एक गंमत बघा. मौन कोणत्या यादीत आहे? आपण सहज म्हणू, वाणीच्या. पण भगवंतांनी ते मनाच्या यादीत ठेवलंय! वाणीच्या यादीत गप्प बसण्याचा उल्लेखसुद्धा नाही. तिथे फक्त कसं बोलायचं ते सांगितलंय.

यातून आपल्यासारख्यांना दोन गोष्टी कळतात. पहिली : तोंड बंद आहे पण आत धुसफूस चालू आहे, "यांना काही कळतच नाही" असं मनात घोळतंय, तर ते मौन नव्हे. आपल्याकडे अशा माणसाला घुम्या म्हणतात. अंतर्मुख माणूस वेगळा आणि घुम्या वेगळा. दुसरी : ज्याच्या मनात खरं मौन आहे, त्यालाही वाणीचं तप चुकलेलं नाही. खरं आणि हिताचं असेल ते त्याला बोलावंच लागतं. मी मितभाषी आहे म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

हे दोन्ही एकाच माणसात कसं दिसतं, ते पाहायला आपल्याला लांब जायला नको. शहरापासून वेरूळच्या रस्त्याने साधारण १५ किलोमीटरवर देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळात जनार्दनस्वामी या किल्ल्याचे किल्लेदार होते. संत एकनाथांचे सद्गुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांची नोकरी काय होती ते विचारात घ्या. फौज, दारूगोळा, धान्याची कोठारं, जमाखर्च, वरिष्ठांना जाब देणं! दत्तभक्तीत रमणारा, ध्यानाला बसणारा हा माणूस एवढा कारभार हाकत होता.

परंपरा सांगते की गुरुवार हा त्यांचा दत्तोपासनेचा दिवस आणि म्हणून गडावर गुरुवारी कचेरीला सुट्टी असे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्यांनी आपला एकांत लपवला नाही. चोरून दहा मिनिटं काढायची आणि त्याबद्दल मनात अपराधी वाटून घ्यायचं, असंही केलं नाही. एकांताची वेळ ठरलेली होती आणि सगळ्यांना माहीत होती. त्यामुळे उरलेले सहा दिवस माणसांना आपले किल्लेदार कधी भेटतील, हेही माहीत असणार. जो टीम लीड सांगतो की "दुपारी ३ ते ४ मी एकटा बसून काम करतो, ४ नंतर कधीही या", त्याच्याकडे माणसं जातात. जो दिवसभर हेडफोन लावून बसतो, त्याच्याकडे जायला माणसं बिचकतात.

आता नाथांची गोष्ट. पैठणचा हा मुलगा लहान वयातच गुरूंच्या शोधात देवगिरीवर आला. स्वामींनी त्याला हिशेबाचं काम दिलं. एकदा हिशेबात एका पैची चूक निघाली. नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले. पहाटे चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, किंवा काही जण सांगतात की ते दुरून बघतच होते. त्यांनी विचारपूस केली आणि म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढी तल्लीनता, तीच देवाकडे लागली तर?

ही गोष्ट आपण नाथांची एकाग्रता म्हणून ऐकत आलोय. आज ती स्वामींच्या बाजूने वाचा. स्वामींनी बघितलं. अंतर्मुख माणसाला हे जमतंच. कोण रात्री उशिरापर्यंत थांबतं, कुणाचा चेहरा चार दिवस उतरलाय, कोण दुसऱ्याचं काम गुपचूप करून देतं, हे सगळं त्याला दिसतं. पण स्वामी बघून परत झोपले असते तर? नाथ एक उत्तम हिशेबनीस राहिले असते. स्वामींनी जे पाहिलं ते त्या मुलाला सांगितलं. भाषण दिलं नाही, चार लोकांत गाजावाजा केला नाही. एकट्याला, योग्य वेळी, एक-दोन वाक्यं. आणि त्या वाक्यांनी एक आयुष्य वळलं.

पुढे याच नाथांनी १५७३ मध्ये काशीत एकनाथी भागवत पूर्ण केलं आणि १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. वेगवेगळे पाठ समोर ठेवून, शब्द न् शब्द तपासत केलेलं ते काम. पैची चूक शोधणारी तीच नजर! आणि नाथांची नाममुद्रा काय आहे? "एका जनार्दनी". ज्याने आपल्याला ओळखलं, त्याचं नाव त्यांनी कायम आपल्या नावाला जोडून ठेवलं.

आणखी एक आख्यायिका आहे. स्वामी समाधीत असताना गडावर शत्रू चालून आला, तेव्हा गुरूंचं ध्यान न मोडता नाथांनी त्यांचा पोशाख चढवला आणि किल्ला राखला. नुसत्या हुकमाने अशी माणसं तयार होत नाहीत. रोजच्या कामात विश्वास टाकला, तरच वेळेला कुणी आपलं चिलखत अंगावर घेतं.

आता अवघड भाग. समजा, एक डिलिव्हरी उशिरा गेली. मीटिंगमध्ये मोठे साहेब तुमच्या टीममधल्या सगळ्यात नवीन मुलीला दोष देताहेत. तुम्हाला माहीत आहे की तिला माहितीच दोन दिवस उशिरा मिळाली होती. हृदय धडधडतंय, घसा कोरडा पडलाय. तुम्ही गप्प बसलात तर कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही, तुम्ही तसे शांतच आहात ना! पण ती मुलगी त्या दिवशी घरी काय घेऊन जाईल? इथे गप्प बसणं हा स्वभाव नाही, ती वाणीच्या तपातली चुकारी आहे. "सर, माहिती तिच्यापर्यंत दोन दिवस उशिरा आली. ती जबाबदारी माझ्याकडे घ्या." एवढंच बोलायचंय. सत्य, हिताचं आणि कुणालाही न बोचणारं. आवाज थरथरला तरी चालेल. भगवंतांनी यादीत खणखणीत आवाज मागितलेला नाही.

आणि ऐकण्याचं काय? गीतेचा पहिला अध्याय उघडा. सैन्यांच्या मधोमध रथ उभा करून भगवंत पार्थाला जमलेले कौरव बघायला सांगतात, २५ व्या श्लोकात. पूर्ण अध्यायात ते फक्त एवढंच बोलतात. पुढे अर्जुन अध्याय संपेपर्यंत आपलं दुःख मांडतो, चुकीचे युक्तिवादही करतो, आणि ते मध्ये तोडत नाहीत. खरा उपदेश सुरू होतो दुसऱ्या अध्यायात. आधी पूर्ण ऐकणं आणि मग नेमकं बोलणं. तुमचा स्वभाव यातल्या अर्ध्या कामाला आधीच तयार आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी तप आहे.

या आठवड्यात करून बघा :

१. टीममधल्या एकाचं असं काम आठवा जे फक्त तुमच्या लक्षात आलंय. ते त्याला एकट्याला भेटून सांगा. सगळ्यांसमोर बोलायची गरज नाही.

२. मीटिंगच्या आधी एका कागदावर दोनच वाक्यं लिहा जी आज बोललीच पाहिजेत. ती पहिल्या दहा मिनिटांत बोलून टाका. उशीर केला की धीर सुटतो.

३. रोज १५ मिनिटं एकांत ठरवा आणि टीमला ती वेळ सांगा. नामस्मरण करा, नाहीतर नुसतं शांत बसा.

४. रात्री स्वतःला विचारा : आज मी गप्प होतो तेव्हा मन प्रसन्न होतं, की घाबरलेलं?

फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, पैठणला लाखोंची गर्दी होते. कधी जमलं तर त्याआधी एखाद्या गुरुवारी देवगिरी चढून या. तिथे जनार्दनस्वामींचं स्थान आहे. दोन मिनिटं डोळे मिटून बसा. ज्याच्या शांतपणाने एकनाथ घडले, त्याच्यासमोर आपला शांत स्वभाव ठेवा आणि म्हणा :

दत्तात्रेया, मनाला मौन दे आणि जिथे माझ्या एका वाक्याने कुणाचं भलं होणार असेल, तिथे तेवढं वाक्य बोलायचं बळ दे.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥