वाचकांचे प्रश्न : मारलेले सॉफ्टवेअर आणि बदललेला आयएमईआय

प्रश्न : सांगलीच्या एका वाचकाने कळविले आहे की, त्यांच्या चार वर्षांपूर्वीच्या अँड्रॉइड फोनला कंपनीकडून येणारे अपडेट बंद झाले असून, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा त्यांचा मुलगा त्या फोनचा बूटलोडर उघडून त्यावर लिनिएजओएस ही मुक्त प्रणाली टाकू इच्छितो. हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा ठरेल का, कंपनी दावा लावू शकेल का, वॉरंटीचे काय होईल आणि बँकेचे अ‍ॅप पुढे चालेल का, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत. पत्राच्या शेवटी ओझरता उल्लेख आहे की, गेल्या दिवाळीत फोन अडकून बसल्यामुळे बसस्थानकाजवळच्या एका दुकानातून त्यात ‘सॉफ्टवेअर मारून’ घेतले, त्यानंतर दोन दिवस नेटवर्कच येईना, तेव्हा दुकानदाराने आणखी तीनशे रुपये घेऊन ‘आयएमईआय मारून’ दिला आणि तेव्हापासून फोन सुरळीत चालू आहे.

उत्तर : विचारलेल्या चार प्रश्नांपैकी एकातही या वाचकाला खरा धोका नाही, धोका आहे तो न विचारलेल्या शेवटच्या ओळीत. तरीही कॉपीराइटची भीती आधी दूर केलेली बरी.

बूटलोडर म्हणजे फोन चालू होताना सर्वांत आधी जागी होणारी आणि पुढे कोणती प्रणाली चालू द्यायची हे ठरविणारी छोटी आज्ञावली, आणि तिला घातलेले कुलूप काढणे म्हणजे बूटलोडर उघडणे. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ तांत्रिक कुलपे मोडण्याला शिक्षा सांगते खरे, परंतु ते कुलूप कॉपीराइटच्या हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने मोडलेले असावे लागते आणि कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी केलेली कृती त्याच कलमाने वगळली आहे. शिवाय कलम ५२ प्रमाणे, कायदेशीर मार्गाने मिळालेल्या संगणक-आज्ञावलीची प्रत किंवा रूपांतर स्वतःच्या बिगरव्यापारी वापरासाठी करण्याची मुभा आहे. अँड्रॉइडच्या गाभ्याशी असलेला लिनक्स कर्नल तर ज्या परवान्याखाली दिला जातो तो परवानाच बदल करण्याचा हक्क देतो, आणि अनेक कंपन्या बूटलोडर उघडण्याची सोय स्वतःहून पुरवितात. तेव्हा कंपनीने दिलेल्या किल्लीने कंपनीचे कुलूप उघडणाऱ्यावर ती कंपनी दावा लावील, ही भीती निराधार आहे. अमेरिकेत अशा बदलांना २०१० पासून दर तीन वर्षांनी सूट द्यावी लागते, कारण तेथील कायदा अधिक कडक आहे. त्या देशातील वादविवाद वाचून सांगलीत घाबरण्याचे कारण नाही. चार वर्षांच्या फोनला वॉरंटीच उरलेली नसते, त्यामुळे तो प्रश्नही निकालात निघतो. मात्र फोन नोकरीच्या संस्थेने दिलेला असेल, किंवा हप्त्यावर घेतलेला असून कर्ज देणाऱ्याचे कुलूप-अ‍ॅप त्यात असेल, तर हे स्वातंत्र्य गृहीत धरू नये.

आता दुकानदाराने तीनशे रुपयांत काय करून दिले, ते नीट समजून घेणे आवश्यक आहे. आयएमईआय हा प्रत्येक फोनला कारखान्यात मिळणारा पंधरा अंकी ओळखक्रमांक होय. त्याचे पहिले आठ अंक फोनचा प्रकार सांगतात आणि दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. हा क्रमांक फोनमधील एका छोट्या, वेगळ्या विभागात नेटवर्कच्या सूक्ष्म जुळणीच्या माहितीबरोबर साठविलेला असतो, आणि घाईत सॉफ्टवेअर मारताना, म्हणजे फोनची प्रणाली नव्याने भरताना, त्यासाठीच्या साधनातील सगळे पुसून टाकण्याचा पर्याय निवडला गेला, तर प्रणालीबरोबर हा विभागही कोरा होतो. फोन उत्तम चालू होतो, चित्रे दिसतात, वायफाय लागते, फक्त सिम लागत नाही. वाचकाच्या फोनचे ‘नेटवर्क गेले’ त्याचे कारण बहुधा हेच असावे. अशा वेळी कोऱ्या जागी काहीतरी क्रमांक लिहावा लागतो, आणि तो मूळचाच लिहायचा तर फोनचा बॉक्स किंवा बिल समोर हवे. ते दुकानात नेल्याचा उल्लेख पत्रात कोठेच नाही. गल्ल्यामागच्या डब्यात पडलेल्या एखाद्या मृत फोनचा किंवा संगणकात साठवून ठेवलेला एकच क्रमांक येईल त्या प्रत्येक फोनला लिहून देण्याची रीत या धंद्यात जुनी आहे. २०२० मध्ये मेरठ पोलिसांच्या तपासात एकाच आयएमईआयवर तेरा हजारांहून अधिक फोन चालू असल्याचे आढळले होते, त्यावरून एका क्रमांकाची व्याप्ती किती वाढू शकते याची कल्पना यावी.

दूरसंचार कायदा, २०२३ मधील कलम ४२, जे २६ जून २०२४ पासून लागू आहे, अशा ओळखक्रमांकात फेरफार करण्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगते आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरविते. दखलपात्र म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि अजामीनपात्र म्हणजे जामीन हा हक्क नसून तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून राहतो. शिवाय क्रमांक बदललेला आहे हे ठाऊक असूनही असे यंत्र जवळ बाळगणे, हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. ‘ठाऊक असूनही’ हे शब्द या वाचकाने दोनदा वाचावेत, कारण आयएमईआय मारून घेतल्याचे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून कळविले आहे. दुकानदाराने काय केले याची कल्पना नव्हती, हा बचाव आजपर्यंत कदाचित चालला असता, यापुढे तो दुबळा आहे. आणि कलमाचा विचार बाजूला ठेवला, तरी लिहिलेला क्रमांक चोरीच्या किंवा फसवणुकीत वापरलेल्या फोनचा निघाला, तर माग काढणारी यंत्रणा ज्याच्या नावावर सिम आहे त्याच्याच दारात येते. दुकानदाराचे नाव त्या नोंदीत कोठेच नसते आणि तीनशे रुपयांची पावतीही नसते. सचोटीने आयुष्य काढलेली माणसे जबाब देत फिरतात ती याच एका व्यवहारापायी.

‘हे सगळीकडे चालते’ या समजुतीला एक इतिहास आहे. २००९ मध्ये आयएमईआय नसलेल्या स्वस्त फोनची सेवा बंद करण्यात आली, तेव्हा अशा फोनमध्ये क्रमांक घालून देण्याची अधिकृत सोय काही काळ उपलब्ध होती. सोय संपली, सवय राहिली.

वाचकाने आजच फोनवर *#०६# दाबून येणारे क्रमांक बॉक्सवरील आणि बिलावरील क्रमांकांशी अंक-अंक जुळवावेत, आणि केवायएम हा तीन इंग्रजी अक्षरांचा संक्षेप, त्यापुढे जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा. उत्तरात येणारी कंपनी आणि मॉडेल हातातल्या फोनचेच आहे की नाही, हे त्यावरून कळते. मात्र मॉडेल जुळले म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनचा क्रमांकही तसेच उत्तर देईल. अंतिम निकष बॉक्स आणि बिल हाच. क्रमांक जुळले, तर विषय संपला. न जुळल्यास त्याच दिवशी सिम काढावे, फोन बंद करावा आणि बिलासह कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात देऊन, आधीचा क्रमांक कोणता आढळला आणि दुरुस्ती काय केली हे नमूद असलेली जॉबशीट घ्यावी. मदरबोर्ड बदलावा लागला आणि तो खर्च फोनच्या किमतीला परवडत नसेल, तर फोन निकालात काढावा. पोलिसांची नोटीस आधीच आलेली असेल, तर वकिलाशी बोलल्याशिवाय जबाब देऊ नये.

फोन ऑनलाइन विकून किंवा एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळे होणे हा मूर्खपणा आहे. त्याच दुकानात जाऊन ‘मूळ नंबर परत मारून’ घेणे हा त्याहून मोठा मूर्खपणा. दुकानदाराकडून मागच्या तारखेची पावती करून घेण्याचा विचारही मनात आणू नये, कारण तो खोटा पुरावा ठरतो.

राहिला बँकेच्या अ‍ॅपचा प्रश्न. बूटलोडर उघडा असल्याचे ओळखून अनेक बँकांची अ‍ॅप चालण्यास नकार देतात आणि तो नकार चुकविण्याच्या युक्त्या मुलाला मित्रांकडून निश्चित मिळतील. त्या वापरू नयेत. अनधिकृत व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेले तत्त्व असे की, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान, बँकेला कळविले जाईपर्यंत ग्राहकाचेच असते, आणि सुरक्षेची तपासणी मुद्दाम चुकविलेला फोन हा निष्काळजीपणाचा आयता पुरावा बँकेच्या हाती देतो. खात्याशी जोडलेले सिम साध्या, न छेडलेल्या फोनमध्ये ठेवावे.

क्रमांकाचा उलगडा झाल्यावर मुलाने या जुन्या फोनवर लिनिएजओएस खुशाल टाकावे, मात्र स्वतःच्या हाताने, प्रकल्पाच्या अधिकृत यादीत नेमके हेच मॉडेल असल्याची खात्री करून, आणि आयएमईआय ज्या विभागात असतो त्याची प्रत संगणकावर आधी काढून ठेवून.