छप्पर उतरवण्याआधी

दापोली तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित घराचं छप्पर मी नव्याने बांधून घेतलं. तेव्हापासून वाडीत कुणी आढ्याला हात घालायचं ठरवलं की आधी माझ्या ओटीवर येऊन बसतो. दर वेळी तेच तेच सांगतो, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

१. आधी उतारा, मग कौल. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर ज्यांची ज्यांची नावं आहेत, त्या सगळ्यांची संमती घ्या, आणि तीही लेखी. एरवी दहा वर्षं गावाकडे न फिरकणाऱ्या चुलतभावाला नेमकं छप्पर उतरल्यावर घर आठवतं. भाऊबंदकी सवडीने मिटवता येते, पण उघड्या भिंतींना तेवढी सवड नसते.

२. काम संक्रांतीनंतर लगेच धरा. चाकरमानी मे महिन्यात येतात आणि सगळ्यांना तेव्हाच सुतार हवा असतो. त्याआधी शिमगा. पालखी घरोघर फिरत असताना कामावर माणूस येईल ही आशा कोकणात कुणी धरू नये, आणि तो आला नाही म्हणून रागावूही नये. मृगाच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. २०२५ साली मोसमी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणात उतरला आणि २६ मेला मुंबईत पोचलासुद्धा. अर्धी घरं ताडपत्रीखाली होती. अक्षय्य तृतीयेला आढ्यावरचे कोने बसलेले असावेत, असा हिशेब धरा.

३. मोजमाप पाख्यावर घ्या, जमिनीवर नाही. हजार चौरस फुटांचं घर म्हणजे हजार चौरस फुटांचं छप्पर असं धरून लोक पैसे जमवतात. कौलारू घराचा उतार तीस अंशांच्या आसपास असतो. नुसत्या तेवढ्या उतारानेच क्षेत्रफळ साधारण पंधरा टक्के वाढतं. त्यात चारी बाजूंना भिंतीबाहेर येणारी वळचण धरा. मंगलोरी कौलं चौरस मीटरला पंधराएक लागतात, शिवाय वाटेत फुटणारी वेगळी.

४. लाकडाचा खरा खर्च कौलं उतरल्यावर कळतो. खालून सगळे वासे धडधाकट दिसतात. आमच्याकडे माजघरावरचा एक वासा मेस्त्रीने पटाशीने सहज टोचला, तर पटाशी मुठीपर्यंत आत गेली. वरून काळाभोर, गुळगुळीत. आत वाळवीने निव्वळ मातीची नळी भरून ठेवलेली. कूज बहुतेक भिंतीवर टेकलेल्या टोकाला आणि दोन पाखी मिळतात त्या पन्हळीखाली असते, कारण पाणी तिथेच मुरतं. म्हणून अंदाजपत्रकाच्या पाचव्या हिश्श्याएवढी तरी रक्कम वेगळी ठेवा आणि ती आहे हे ठेकेदाराला सांगू नका. निघालेलं सागाचं, किंजळीचं लाकूड कुणाचं, हे मात्र पहिल्याच दिवशी बोलून घ्या. जुन्या सागाला गिऱ्हाईक असतं, ते मेस्त्रीलाही ठाऊक असतं.

५. घर रिकामं करा. झाकून भागत नाही. चुलीच्या धुराची काजळी, उंदरांची बिळं, गांधीलमाशांची पोळी, असं पिढ्यांचं साठलेलं एका दुपारी खाली येतं. देव दुसऱ्या घरी हलवा. वायरमनला आदल्या दिवशी बोलावून आढ्यावरून गेलेली वायर सोडवून घ्या.

६. कौल वाजवून घ्या. आमचा मेस्त्री उतरवलेलं प्रत्येक कौल डाव्या तळहातावर धरायचा आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने ठोकायचा. खणखणीत वाजलं तर एका रासेत, बद्द वाजलं तर दुसऱ्या. केसासारखी चीर डोळ्याला दिसत नाही, पण आवाज लपत नाही. चांगली निघालेली जुनी कौलं आजच्या कित्येक नव्या कौलांपेक्षा उजवी असतात, ती टाकू नका. फक्त जुनी-नवी एकाच पाख्यावर मिसळू नका. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कारखाना काढला, पुढे किनाऱ्यावर असे पुष्कळ कारखाने निघाले आणि प्रत्येकाचा साचा थोडा निराळा. कौलाच्या पाठीवर नाव छापलेलं असतं, ते वाचून वेगळी करा. खाच खाचेत बसली नाही की पहिल्याच वाऱ्याला पाणी आत. रिपांमधलं अंतरही टेपने ठरवू नका. पाचसहा कौलं जमिनीवर जोडून मांडा आणि त्यांवरून माप घ्या.

७. पत्रा की कौल? पत्र्याच्या बाजूने एक मुद्दा बिनतोड आहे, तो म्हणजे वानरं. एक टोळी सकाळी आंब्यावरून छपरावर उतरली की दहा-वीस कौलांचा चुरा. शाकारणीला माणूस मिळत नाही, हेही खरं. पण एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली बसून दाखवा, आणि आषाढातल्या रात्री फोनवर बोलून दाखवा. शिवाय ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आमच्या भागाने सोसलं आहे. कौलं सुटी सुटी उडतात, सुटी सुटी बसवता येतात. पत्रा उडाला तर अख्खा जातो, आणि जिथे पडतो तिथेही कुणाचं तरी नुकसान करतो. मी कौलंच ठेवली, खालच्या रिपा मात्र लोखंडी चौकोनी पाइपच्या केल्या. खाऱ्या हवेत हा पाइप वर चढण्याआधीच रंगवावा लागतो, आणि वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यावर पुन्हा हात मारावा लागतो. ज्यांच्या घरी वर्षभर कुणीच राहत नाही, त्यांनी खुशाल पत्रा घालावा, पण जाड आणि घट्ट बांधलेला. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडून काढू देऊ नका. त्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाते.

८. छप्पर उघडं आहे तोवर भिंतीचा माथा बघून घ्या. चिरा मातीत रचलेला असेल तर वरून सिमेंटचा पट्टा ओतायला हीच वेळ. नंतर होत नाही.

९. शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर द्यायचा, असं आधीच ठरवा. चांगला मेस्त्री याला हरकत घेत नाही. गळती काढायला तो येईल तेव्हा कौल ऐनवेळी बाजारात मिळेलच असं नाही, म्हणून त्याच साच्याची पन्नासेक कौलं जास्तीची घेऊन ठेवा. ती पडवीत भिंतीला उभी टेकवून रचा, आडवी रचू नका. भार येऊन खालची तडकतात.